डाव्या हाताची गिटार
उजव्या हातासाठी घडवलेल्या जगात डावखुऱ्यांनी वाट कशी काढली, हे गिटारच्या इतिहासात आम्हांला दिसते. १९६१ साली हाम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनी यांनी व्हायोलिनच्या घाटाची हॉफनर बेस गिटार घेतली. दोन्ही अंगे सारखी असल्याने ती डावखुऱ्याच्या हाती विजोड दिसत नसे. जिमी हेन्ड्रिक्स यांनी फेंडर कंपनीची उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारा नव्या क्रमाने लावल्या. खुंट्यांचा माथा उलटला. खर्जाची तार सर्वांत दूरच्या खुंटीवर गेली. १९९७ साली त्याच कंपनीने तसा उलटा माथा उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी मुद्दाम घडवला. गैरसोयीतून निघालेल्या वाटेचेच पुढे अनुकरण झाले. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला दटावण्यापूर्वी आपण याचा विचार करावा.