कोठडीतल्या कबुलीचे मोल

मद्रास इलाख्यात शेतसारा थकला की रयतेला कमरेत वाकवून, मान पायांशी बांधून तासन्‌तास ठेवत. बोटे लाकडी चापात पिळत. पहिल्या प्रकाराला अनंदाळ म्हणत, दुसऱ्याला किट्टी. १८५४ साली ब्रिटिश संसदेत यावर चर्चा झाली आणि त्रिसदस्यीय चौकशी आयोग नेमावा लागला. १८५५च्या अहवालात १,९५९ तक्रारींची नोंद आहे. आयोगाने गोऱ्या अधिकाऱ्यांना दोषमुक्त करून सारे खापर देशी नोकरांवर फोडले, हे अपेक्षितच होते. पण एक गोष्ट त्याने अचूक हेरली. वसुली आणि पोलिसी अधिकार एकाच तहसीलदाराच्या हाती होते. छळातून हाती काही पडत होते, म्हणून छळ चालू होता.

त्यानंतर कायदे झाले ते दोन तऱ्हांचे. १८६०च्या दंडसंहितेने कबुलीसाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि पुढे १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम २५ने मात्र शिक्षेची भाषाच केली नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होणार नाही, एवढेच म्हटले. माझ्या मते भारतात छळाला खरा अटकाव याच दुसऱ्या वाटेने झाला. शिक्षेसाठी छळ सिद्ध करावा लागतो. बंद कोठडीत साक्षीदार कोण? कलम २५ला अशा शाबितीची गरजच नाही. मार पडला की नाही हे न विचारता ते कबुली बाजूला ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४च्या छळविरोधी करारातील अनुच्छेद १५ छळाने मिळवलेले निवेदन पुराव्यात घेऊ नका असे सांगतो. आपले कलम त्याहून एक पाऊल पुढे होते. त्या करारावर भारताने १९९७ साली सही केली, त्याला अनुसमर्थन मात्र अजून दिलेले नाही.

हे कलम वसाहतवादी तुच्छतेतून आले, देशी शिपायावरच्या अविश्वासातून आले, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण गोऱ्यांच्या मनात काय होते यावरून आरोपीला मिळालेले संरक्षण खोटे ठरत नाही, आणि स्वतंत्र भारतानेही ते जपले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कलम असूनही कोठडीत माणसे मरतातच ना? मरतात. त्याचे एक कारण लगेच पुढे, कलम २७मध्ये सापडते. कबुलीतला जेवढा भाग एखादी वस्तू सापडण्याशी थेट जोडलेला, तेवढा ग्राह्य. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली या अपवादाला आवर घातला, तरी पंचनाम्यातला कोयता आणि दागिना आजही खटले उभे करतो. जिथे कबुलीला भाव उरला तिथे मारही उरला. म्हणजे आक्षेपातूनच मूळ मुद्दा पक्का होतो. २०२३च्या नव्या साक्ष अधिनियमाने २५ ते २७ ही तिन्ही जुनी कलमे कलम २३मध्ये एकत्र आणली, अपवादासकट.

टोळ्या आणि दहशतवादी यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी धजत नाही, म्हणून कबुली हवीच, हा तिसरा युक्तिवाद महाराष्ट्राने उचलला. पोलिसापुढची कबुली ग्राह्य धरणारा दहशतवादविरोधी कायदा टाडा १९९५ साली संपला आणि १९९९च्या मकोकाने, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुन्हा ग्राह्य केली. साक्षीदारांची भीती खोटी नव्हती. पण अधिकाऱ्याचा हुद्दा वाढवल्याने कोठडीचे दार उघडत नाही. २००६च्या मुंबई लोकल स्फोटांच्या मकोकाखालील खटल्यात १२ जण २०१५ साली दोषी ठरले. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने साऱ्यांना निर्दोष सोडताना त्यांच्या कबुल्या अविश्वसनीय ठरवल्या: मजकुरात एकसारखे उतारे होते आणि छळाचा दावाही न्यायालयाने मान्य केला. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच सांगितले. प्रकरण अजून तिथे आहे. कबुली ग्राह्य करणारे मकोकाचे कलम १८ मात्र जसेच्या तसे आहे.