अँड्रॉइड की आयफोन? परभणीतून पाहिलेला इतिहास

अँड्रॉइड चांगला की आयफोन, असं तरुण मंडळी आम्हाला विचारतात. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आमचा उलट प्रश्न असतो: चांगला कुणासाठी, आणि कशासाठी? ते ठरल्याशिवाय गुणदोषांच्या यादीला अर्थ नाही. ते ठरवायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

जून २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन विक्रीला आला. यंत्र आणि त्यातली प्रणाली, दोन्ही एकाच कंपनीचं. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. गूगलने ही प्रणाली अनेक कंपन्यांना वापरू दिली. एकीकडे एकहाती कारभार, दुसरीकडे भरलेला बाजार. आपल्याकडे तेव्हा नोकियाचं राज्य होतं. तिची सिम्बियन प्रणाली थोड्या मेमरीत, कमी बॅटरीत चालायची. लोडशेडिंग सोसणाऱ्या जिल्ह्यात हा गुण लहान नव्हे! पण ॲप लिहिणारे दुसरीकडे वळले. २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरली. तो सुटसुटीत होता, तरी ॲपच्या दुष्काळात गेला. २०१९ अखेर त्यावरचं व्हॉट्सॲपही थांबलं. म्हणजे प्रणाली नुसत्या गुणांवर जगत नाही, तिच्याभोवती गाव वसावं लागतं.

परभणीत ते गाव अँड्रॉइडभोवती वसलं. एक कारण किंमत, दुसरं भाषा. निजामाच्या काळात, १९४८ पर्यंत, इथल्या सरकारदरबारची भाषा उर्दू. कागद वाचून घ्यायला अनेकांना दुसरा माणूस लागे. फोनमधल्या इंग्रजीने तीच अडचण पुन्हा आणली. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये सगळा मेनू मराठीत आला. त्याच वर्षी आयफोनला मराठी कळफलक मिळाला, पण मेनू मराठीत यायला पुढे कित्येक वर्षं लागली.

आता दुसरी बाजू. आयफोनला पाच-सहा वर्षं नव्या आवृत्त्या मिळत राहिल्या. स्वस्त अँड्रॉइडला बहुधा एक-दोन वर्षंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. शेतकऱ्याने बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढायचा, नोंद सातबाऱ्यावर. इथे जुन्या फोनवर ॲप चाललं नाही, तर अडतो तो माणूस. शिवाय अँड्रॉइडचा खुलेपणाही अर्धाच. वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला.

आपल्या जिंतूरजवळ नेमगिरीला जैन लेणी आहेत. जैनांचा अनेकान्तवाद सांगतो, की एका बाजूने पाहून वस्तू पुरती कळत नाही. मात्र सगळ्या बाजू पाहिल्या म्हणजे निर्णय टळला, असंही नाही. फोन विकत घेताना ज्याने त्याने आपली गरज आणि खिसा पाहावा. पण सातबारा फोनवर गेला, की प्रश्न एकट्या ग्राहकाचा राहत नाही. पालम-सोनपेठच्या शेतकऱ्याच्या हातातल्या सगळ्यात जुन्या फोनवर सरकारी काम होतं का, ही आमच्या मते खरी कसोटी. ती कंपन्यांआधी शासनाला लावली पाहिजे.