हिशोब मागणारी बाई

 

मागच्या वर्षी मी पापड-शेवयांच्या कामासाठी घरामागे पत्र्याची शेड बांधून घ्यायला काढली. ठेकेदार ओळखीतला. म्हणाला, "ताई, आपल्यात कागद कशाला?" मलाही कागद मागायची लाज वाटली. निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ दिले. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे पापडाच्या दिवसांत, काम अडकून पडले. विचारायला गेले की म्हणे, "भाऊंना फोन द्या, त्यांच्याशी बोलतो." पैसा माझा, कर्ज माझ्या नावावर, आणि बोलणे मात्र भाऊंशी! त्या दिवसांत मला अहिल्याबाई होळकर फार आठवल्या.

अहिल्याबाई म्हटले की आपल्याला हातातली शिवपिंड दिसते. त्यांच्या हिशोबाच्या वह्या दिसत नाहीत. आज त्यांच्याविषयी बोलू.

आपल्या खानदेशाशी होळकरांचे नाते जुने. तापीकाठचे थाळनेर त्यांच्याकडे होते. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. या घराण्याची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली. तिला 'खासगी' म्हणत. राज्याचा पैसा तो दौलतीचा, आणि हा बाईचा. दोन्हींचे हिशोब वेगळे. गौतमाबाईंनंतर ही खासगी सून अहिल्याबाईंकडे आली. देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च त्यांनी मुख्यतः यातूनच केला.

काम करून घ्यायची सवय त्यांना आधीपासून होती. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. त्यानंतर मल्हाररावांनी सुनेला कारभारात घातले. १७६५ सालच्या पत्रांत तोफखाना आणि दारूगोळा यांच्या व्यवस्थेच्या सूचना सासरे सुनेला लिहितात. ज्या काळात बाईने उंबरा ओलांडू नये असे म्हणत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढे १७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत होता, की बाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्या हाती राहावा. म्हणजे तेच, "भाऊंना फोन द्या." राघोबादादा फौज घेऊन आले, तरी बाई बधल्या नाहीत. कारभार स्वतःकडे ठेवला, फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांना दिली आणि खजिना आपल्या हातात ठेवला.

तुकोजी घरचेच, मानाचे. तरी मोहिमेचा जमाखर्च बाई त्यांच्याकडे मागत राहिल्या. यावरून दोघांत वर्षानुवर्षे कुरबुर चालली. बाईंनी नाते तोडले नाही, आणि हिशोबही सोडला नाही. मला त्यांची ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आपण उलटे करतो. नाते जपायचे म्हणून हिशोब सोडतो, आणि शेवटी दोन्ही घालवून बसतो.

काशी विश्वनाथाचे देऊळ १७८० चे, गयेचे विष्णुपद १७८७ चे. बाईंची राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला. इतक्या लांबची कामे दुसऱ्यांच्या हातूनच होणार. म्हणून माणूस पारखून नेमायचा, पैसा ठरवून द्यायचा आणि खबर घेत राहायचे. ठिकठिकाणचे त्यांचे वकील महेश्वरला बातमीपत्रे पाठवत. ती पुढे छापूनही निघाली आहेत.

आता जवळचे उदाहरण घ्या. अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज. बालविवाह, मुंबईची झोपडपट्टी, शिवणकाम असे दिवस त्यांनी काढले. कल्याणला कज्ज्यात अडकलेला एक भूखंड घेतला. आधी त्याचे कागद मोकळे केले, मग बांधकाम उभे केले. पुढे बुडालेली कमानी ट्यूब्ज कंपनी हाती घेतली, बँकांशी वाटाघाटी केल्या, कामगारांचे थकलेले पगार चुकते केले. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आधी कागद, मग वीट, हा त्यांचा क्रम आपणही धरावा.

आज तर कायदाही पाठीशी आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरली. ठेकेदाराशी तोंडी बोलणेही कायद्याने करार होऊ शकते, पण ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. म्हणून चार ओळी लिहून घ्या. काम काय, माप किती, माल कोणता, दर काय, मुदत कधीची. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की दुसरा. शेवटचा हप्ता काम पाहून, टेपने मोजून मगच. प्रत्येक पैशाची सही घ्या. आवाज चढवायचा नाही, विनवणीही करायची नाही. "दादा, कागदात काय लिहिलंय ते पाहू," एवढे शांतपणे म्हणायचे.

माझ्या शेडचे पुढे काय झाले? मी वही घेऊन गेले. उरलेल्या कामाची यादी केली, त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या, आणि हप्ते कामाला बांधले. आगाऊ दिल्यातले काही बुडालेच. पण दिवाळीआधी पत्रे चढले. आता तो ठेकेदार मला फोन करतो, भाऊंना नाही.

एखादी म्हणेल, मला लिहिता येत नाही. बाई गं, आपल्याच असोद्याच्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होते? त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून ती राहिली. तूही लेकीला जवळ बसव. तू सांग, ती लिहील. तिलाही लहानपणीच कळेल, की हिशोब मागण्यात लाज नसते.