दिनविशेष : 11 ऑक्टोबर – कृत्रिम पायाची बार्बी

11 ऑक्टोबर 2020 : आंतरराष्ट्रीय बालिका दिनानिमित्त बार्बीने मुंबईची पॅरा-बॅडमिंटनपटू मानसी जोशी हिच्यासारखी दिसणारी बाहुली घडवून तिचा गौरव केला. बाहुलीचा डावा पाय कृत्रिम होता. त्याच सुमारास ‘टाइम’च्या आशिया आवृत्तीच्या मुखपृष्ठावरही मानसी झळकली.

देखणं कोणाला म्हणायचं, हे मुली बाहुलीशी खेळतानाच शिकतात. म्हणून ही घटना आजही मोलाची आहे. एखाद्या गावात कापड दुकानासमोरून कुबडी टेकत जाणाऱ्या मुलीला जाहिरातीच्या फलकावर आपल्यासारखी कोणी क्वचितच दिसते. साडीची हौस तिलाही असते. दिवाळीच्या जाहिरातीत तिलाही उभी करा. पैठणीच्या काठाखाली ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय दिसला, तर दिसू द्या.