मागील डिरेल्युअर

मागील डिरेल्युअर हा बहुगती सायकलच्या मागच्या चाकाजवळ उजव्या बाजूस बसविलेला, साखळी एका दातेरी चक्रावरून शेजारच्या चक्रावर सरकविणारा भाग होय. 'रुळावरून उतरविणारा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले आहे. गिअर नीट न बदलणे ही वापरलेल्या सायकलींबाबतची नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ पुष्कळदा डिरेल्युअरमध्ये नसून वाकलेला हँगर, गंजलेली तार किंवा झिजलेली साखळी यांत असते. त्यामुळे दुरुस्तीत तपासणीच्या क्रमाला महत्त्व आहे.

इतिहास

तूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेल्युअर वापरण्यास १९३७ साली परवानगी मिळाली. इटलीतील तुल्लिओ काम्पान्योलो यांच्या 'ग्रान स्पोर्त' या डिरेल्युअरने १९५० च्या सुमारास समांतरभुज चौकोनाची रचना रूढ केली. १९६४ मध्ये जपानच्या सनटूर कंपनीने हा चौकोन तिरपा केला. त्यामुळे पुली लहानमोठ्या सर्व चक्रांच्या जवळ राहू लागली. १९८४ मध्ये शिमानो कंपनीने 'टक्' आवाजासरशी नेमका एकच गिअर बदलणारी इंडेक्स पद्धती आणली. त्यापूर्वीच्या घर्षण पद्धतीच्या सायकलींत योग्य जागा स्वार स्वतःच आवाजावरून साधत असे. अशा जुन्या सायकलीत गिअर आपोआप सुटत असेल, तर बहुधा तरफेचा स्क्रू ढिला झालेला असतो.

रचना व कार्य

तार ओढली गेली की चौकोन आत सरकतो व साखळी मोठ्या चक्रावर चढते. तार सैल झाली की स्प्रिंग तिला लहान चक्राकडे परत आणते. वरची पुली साखळीला दिशा देते, तर खालची पुली तिचा ताण राखते. हँडलवरील शिफ्टर प्रत्येक टप्प्याला तारेची ठरावीक लांबी ओढतो. शिमानोच्या सात चक्रांच्या संचात दोन चक्रांच्या मध्यांतील अंतर ५ मि.मी., आठच्या संचात ४.८ मि.मी., तर दहाच्या संचात ३.९५ मि.मी. असते. चक्रांची संख्या वाढते तशी चूक खपवून घेण्याची क्षमता कमी होते.

तपासणीचा क्रम

१. हँगर : डिरेल्युअर ज्या कानावर बसतो तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की तो आत वाकतो. मागून पाहिल्यास दोन्ही पुल्या चक्रांच्या पातळीला समांतर, एकाखाली एक दिसल्या पाहिजेत. अचूक मापनासाठी हँगरच्या आट्यांत लांब दांड्याचे मापक बसवून रिमपर्यंतचे अंतर चार ठिकाणी मोजतात. फरक सुमारे ४ मि.मी.हून अधिक असल्यास दुरुस्ती आवश्यक असते. वाकलेल्या हँगरवर केलेले कोणतेही समायोजन टिकत नाही. पोलादी फ्रेमचा अंगचा हँगर जपून सरळ करता येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तो बहुधा सुटा असतो व बदलता येतो. मात्र नवा हँगर त्याच फ्रेमसाठी बनविलेला असावा लागतो.

२. जोडणी : शिफ्टरचे टप्पे व मागील चक्रे मोजावीत. आधीच्या मालकाने सात चक्रांना आठ टप्प्यांचा शिफ्टर जोडला असल्यास सर्व गिअर बिनचूक जुळणे कठीण असते.

३. साखळी व चक्रे : साखळीच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच (१२.७ मि.मी.) असते, म्हणून चोवीस दुव्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती एक सोळांश इंचाने वाढली असल्यास साखळी बदलण्याची वेळ आलेली असते. वाढ एक अष्टमांश इंच झाली असल्यास चक्रेही झिजली आहेत असे समजावे. झिजलेल्या चक्रांवर केवळ नवी साखळी चढविल्यास ती जोर लावताच घसरते. सायकल विकत घेताना हे माप घेतल्यास पुढील खर्चाचा अंदाज येतो.

४. तार व आवरण : साखळी मोठ्या चक्रावर नेऊन चाक थांबवावे व पेडल न फिरवता शिफ्टरचे टप्पे उतरवावेत. तार सैल पडते आणि आवरणाचे तुकडे फ्रेमवरील खाचांतून निघतात. मग तार आत सरकते की अडते हे हाताला कळते. डिरेल्युअरजवळच्या शेवटच्या वळणात पाणी व चिखल शिरून गंज धरतो. गिअरच्या आवरणात पोलादी धागे लांबीच्या दिशेने असतात, तर ब्रेकच्या आवरणात तार वेटोळी असते. दुसरे पहिल्याच्या जागी वापरल्यास ते दाबाने आखडते व गिअर चुकतात. बराच काळ पडून राहिलेल्या सायकलीत शिफ्टरमधील वंगण घट्ट होऊन टप्पे धरत नाहीत. पातळ तेल सोडून तो वारंवार हलविल्यास बहुधा मोकळा होतो.

५. सीमा स्क्रू : 'एच' स्क्रू साखळीला लहान चक्राबाहेर, तर 'एल' स्क्रू मोठ्या चक्रापलीकडे आऱ्यांत जाण्यापासून अडवितो. साखळी आऱ्यांत गेल्यास चाक जाम होऊन डिरेल्युअर तुटू शकतो व स्वार पडू शकतो. म्हणून 'एल' स्क्रू तपासल्याविना सायकल रस्त्यावर आणू नये. मधले गिअर या स्क्रूंनी जुळत नाहीत.

६. तारेचा ताण : साखळी सर्वांत लहान चक्रावर ठेवून एक टप्पा बदलावा. ती दुसऱ्या चक्रावर चढत नसल्यास समायोजक नळी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावी. तिसऱ्या चक्राला घासत असल्यास सुलट दिशेने. काही डिरेल्युअरमध्ये स्प्रिंग उलट बाजूस ओढते; तेथे परिणामही उलट होतो.

७. बी स्क्रू : साखळी मोठ्या चक्रावर असताना वरची पुली व चक्राचे दाते यांत साधारणतः ५ ते ६ मि.मी. अंतर राखावे.

लक्षणे व संभाव्य कारणे

• मोठ्या चक्राकडे जाताना विलंब : तार सैल.
• लहान चक्राकडे परतताना विलंब : तार आवरणात अडकते, स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो.
• चढावर जोर लावताच घसरणे : साखळी किंवा चक्रांची झीज.
• ठरावीक अंतराने एक झटका : साखळीतील एखादा दुवा आखडलेला. ११४ दुव्यांची साखळी व पुढे ४४ दाते असल्यास हा झटका पेडलच्या सुमारे अडीच फेऱ्यांनी येतो.
• काही गिअर जुळणे, काही न जुळणे : वाकलेला हँगर किंवा विजोड शिफ्टर.
• आदल्या दिवशी जुळविलेले गिअर पुन्हा बिघडणे : शिफ्टरच्या तोंडाशी तारेचे धागे तुटत असण्याची शक्यता. तार तात्काळ बदलावी. अन्यथा ती आत तुटून तिचे टोक शिफ्टरमध्ये अडकते.

दुरुस्तीनंतरची चाचणी

मागचे चाक अधांतरी ठेवून गिअर जुळविता येतात. परंतु स्वाराच्या वजनाखाली वर्तन बदलू शकते. म्हणून प्रथम सपाट व मोकळ्या रस्त्यावर, नंतर सौम्य चढावर सर्व गिअर तपासले जातात. नवी तार सुरुवातीच्या वापरात बसून किंचित सैल पडते. तेव्हा समायोजक नळी पुन्हा एकदा थोडी फिरवावी लागते.