अणुकेंद्र
अणूचा धन विद्युत्‌भारित गाभा. अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्यात एकवटलेले असते. व्यास मात्र अणूच्या दहा हजाराव्या ते लाखाव्या हिश्शाएवढा. बाकीच्या जागेत इलेक्ट्रॉनांचा वावर असतो.

जे. जे. टॉमसन यांच्या प्रतिकृतीत धन भार अणुभर पसरलेला होता. १९०९ मध्ये मँचेस्टर येथे हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन (तेव्हा विद्यार्थीच) यांनी सोन्याच्या वर्खासारख्या पातळ पत्र्यांवर धन भारित आल्फा कण सोडले. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिणग्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायच्या, असे हे चिकाटीचे काम. बहुतेक कण सरळ पार गेले, पण हजारोंत एखादा चक्क उलट फिरला. पसरट भाराला एवढा जोर शक्यच नव्हता. १९११ मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी त्यावरून अणुकेंद्राची कल्पना मांडली.

केंद्रातील प्रोटॉनांची (धन भारित कणांची) संख्या म्हणजे अणुक्रमांक. मूलद्रव्य कोणते, हे तीच ठरवते. न्यूट्रॉन हा विद्युत्‌भाररहित घटक जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये शोधला. न्यूट्रॉन कमीजास्त झाल्यास मूलद्रव्य तेच राहून समस्थानिक बदलतो: कार्बन-१२ मध्ये ते सहा, तर किरणोत्सर्गी कार्बन-१४ मध्ये आठ असतात.