दोन ‘सूरी’ : एका शब्दाचा इतिहास

सोळाव्या शतकाच्या मध्यावर भारताच्या इतिहासात ‘सूरी’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक, दिल्लीचा बादशहा शेरशाह सूरी. दुसरे, तपागच्छाचे आचार्य श्री हीरविजयसूरी. नव्या पिढीस दोघे एकाच आडनावाचे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या दोन शब्दांत उच्चारापलीकडे कोणतेही नाते नाही.

शेरशाहाचे मूळ नाव फरीद. तो अफगाणांच्या ‘सूर’ कुळातला. त्या कुळनामावरून ‘सूरी’ हे रूप झाले. १५३९ साली चौसा येथे व १५४० साली कनौज येथे हुमायूनचा पराभव करून त्याने दिल्लीचे तख्त मिळविले. १५४५ साली कालिंजरच्या वेढ्यात दारूच्या स्फोटात त्याचा अंत झाला आणि १५५५ साली हुमायूनने दिल्ली परत घेतली. राज्य गेले, परंतु त्याने पाडलेले सुमारे १७८ ग्रेन वजनाचे चांदीचे नाणे टिकले. त्या नाण्याचे ‘रुपया’ हे नाव मात्र संस्कृत ‘रूप्य’ शब्दापासून आले आहे.

आचार्यांच्या नावातील शब्द संस्कृत ‘सूरि’ होय. त्याचा अर्थ ज्ञानी, विद्वान. हा शब्द ऋग्वेदातही आढळतो. जैन परंपरेत तो आचार्यपदाचा वाचक झाला. मराठी लेखनात अंत्य इकार दीर्घ होत असल्याने दोन्ही शब्द सारखे दिसतात, एवढेच.

हे पद जन्माने मिळत नाही. पालनपूर येथे वि. सं. १५८३ मध्ये जन्मलेल्या बालक हीराने वि. सं. १५९६ मध्ये, म्हणजे चौसाच्या लढाईच्याच वर्षी, पाटण येथे श्री विजयदानसूरींकडे दीक्षा घेतली व तो मुनी हीरहर्ष झाला. पुढे न्यायशास्त्राच्या अध्ययनासाठी हे तरुण मुनी मुनी धर्मसागरांसह देवगिरीस आले. देवगिरी त्या वेळी अहमदनगरच्या निजामशाहीत होती. उत्तरेत तख्तासाठी रणे माजली असताना महाराष्ट्राच्या भूमीवर हे अध्ययन झाले, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर क्रमाने पंडित, उपाध्याय आणि वि. सं. १६१० मध्ये सिरोही येथे आचार्य अशी पदे त्यांना प्राप्त झाली. तेव्हा कोठे ‘सूरि’ हा शब्द त्यांच्या नावास जोडला गेला.

वि. सं. १६३९ मध्ये गंधारहून पायी विहार करीत आचार्यश्री फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. अकबराने त्यांचा सन्मान केला आणि पर्युषणकाळात जीवहिंसा बंद ठेवण्याचे फर्मान काढले. ‘जगद्गुरू’ ही पदवी त्यांना याच काळात मिळाली.

अबुल फजलने ‘आईने अकबरी’त विद्वानांची वर्गवार यादी दिली आहे. तिच्या पहिल्याच वर्गात ‘हरिजी सूर’ असे नाव येते. फारसी लेखणीतून ‘हीरविजय’चे ‘हरिजी’ झाले आणि ‘सूरि’चे ‘सूर’! हे नाव कोणाचे, हे पुष्कळ काळ अभ्यासकांच्या ध्यानी आले नाही. विसाव्या शतकात जैन ग्रंथांच्या आधारे त्याचा उलगडा झाला. मुनींनी व श्रावकांनी हस्तलिखिते जपली नसती, तर एका महान आचार्यांची ही नोंद अनोळखीच राहिली असती.

एक ‘सूरी’ कुळाने मिळाले, दुसरे अध्ययनाने व संयमाने. आचार्यांचे नाव उच्चारताना आपल्या मुलांना हा भेद ठाऊक असावा आणि ज्या ग्रंथभांडारांनी तो जपला त्यांची आस्थाही त्यांच्या ठायी निर्माण व्हावी.